अडतिसाव्या वर्षी दृढीकरण, आणि कागदावरचं एक प्रश्नचिन्ह

16 फेब्रुवारी 2025 च्या रविवारी उपासना संपता संपता सूचना झाली. यंदाचे दृढीकरणाचे, म्हणजे लहानपणी झालेला बाप्तिस्मा मोठेपणी स्वतःच्या तोंडाने पक्का करण्याच्या विधीचे, वर्ग ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शनिवारी संध्याकाळी भरतील, ईस्टरनंतरच्या रविवारी, म्हणजे 27 एप्रिलला, बिशपसाहेब येणार आहेत, ज्यांना बसायचं आहे त्यांनी 2 मार्चच्या आत अर्ज द्यावा. अशी सूचना मी गेली तेवीस वर्षं ऐकत आले. दर वेळी पोटात कालवायचं आणि दर वेळी मी खाली मान घालून चपला शोधायला लागायचे.

आमच्याकडे दृढीकरण साधारण चौदाव्या-पंधराव्या वर्षी होतं. माझ्या वेळी दहावीची परीक्षा आडवी आली, पुढच्या वर्षी वडिलांचं आजारपण, मग नोकरी, मग लग्न. दृढीकरण झाल्याशिवाय आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेत नाहीत. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे रांगेने पुढे जायचे, माझे यजमानसुद्धा, आणि मी बाकावर बसून राहायचे. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने हळूच विचारलं, "आई, तू का जात नाहीस?" घरी गेल्यावर सांगते, म्हटलं. घरी गेल्यावर सांगितलं नाही.

कारण परीक्षा हे कारण केव्हाच संपलं होतं. खरं कारण दादा होता.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सोलापुरात अशोक चौकाच्या मागे त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, पॉवरलूमच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. दहाएक वर्षांपूर्वी तो एका स्वतंत्र सहभागितेत, वेगळ्या ख्रिस्ती गटात, जाऊ लागला आणि तिथे त्याने पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. घरात कुरबूर झाली, पण निभत होतं. नोव्हेंबर 2021 मध्ये वडील गेले. मातीच्या वेळी दादाला कबरेपाशी दोन शब्दांची प्रार्थना करायची होती. आमच्या पद्धतीत ठरलेला विधी असतो, तो मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, चालवतात. कोणीतरी कुजबुजलं, कोणीतरी त्याला थांब म्हणालं. आणि मी, सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात म्हणाले, "दादा, तू आता आमच्यातला नाहीस. मागे उभा राहा." त्याने वाकून एक मूठ माती टाकली आणि तो निघून गेला. त्यानंतर तीन वर्षं चार महिने आम्ही बोललो नाही. आई माझ्याकडे असते, ती फोनवर त्याच्याशी बोलायची तेव्हा मी स्वयंपाकघरात जायचे.

हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून आधी सांगितलं. आता कागदपत्रं.

अर्ज मंडळीच्या ऑफिसात मिळतो, वीस रुपये. त्याला बाप्तिस्म्याचा दाखला, आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि वर्गणी भरल्याची पावती जोडायची. आमची वर्गणी ऑगस्टपासून राहिली होती, सात महिन्यांचे सातशे भरले. दाखला मात्र सोलापुरात नव्हता. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा वडील बार्शी तालुक्यातल्या एका गावी शिक्षक होते, नोंद तिथल्या मंडळीत. 22 फेब्रुवारीला सकाळच्या एसटीने बार्शी गाठली (बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठा आधार वाटला), तिथून वडापने गाव. देवळाला, म्हणजे चर्चला, कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते लग्नाला गेलेले. दुपारी दोनपर्यंत पायरीवर बसले आणि परत आले. दुसऱ्या खेपेला, 1 मार्चला, आधी फोन करून गेले. जुन्या गावी नोंद शोधायला जाणार असाल तर आधी कोणाचा तरी नंबर मिळवा, आणि शक्यतो रविवारी उपासनेच्या वेळेला पोचा, त्या दिवशी किल्लीवाले हमखास सापडतात.

नोंदवही जाडजूड, पाठीला कापडी पट्टी, पानांच्या कडा कसरीने खाल्लेल्या. निळ्या शाईत माझं नाव सापडलं: 21 डिसेंबर 1986. आईला तारीख आठवत नव्हती, पण "नाताळच्या आदल्या रविवारी" एवढं पक्कं सांगितलं होतं, त्यामुळे शोधायला पाच मिनिटं लागली. शेवटच्या रकान्यात वडिलांची सही. त्यांचं 'ग' नेहमी जरा खाली घसरायचं, तसंच ते तिथेही घसरलेलं. मग मी का कोण जाणे पानं मागे उलटत गेले. 12 एप्रिल 1981. दादा. तीच सही. आईला घरी येऊन सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता तो. तुझ्या दादाने पाण्याच्या वेळी झावळीचं पान धरून ठेवलं होतं मुठीत." मी दोन्ही पानांचे मोबाइलवर फोटो काढून आणले होते.

दाखल्याचे शंभर रुपये लागले. पण नोंदवहीत माझं नाव शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, आणि आधारवर शाळेतलं. आपल्यात हे कित्येक घरांत असतं. मी घाबरून सोमवारी वकिलाकडे धावले, पाचशेचा स्टॅम्प घेतला (शंभरचा आता चालत नाही असं स्टॅम्प वेंडरने सांगितलं), टायपिंग आणि नोटरीचे तीनशे, एकूण आठशे. पाळकसाहेबांना नेऊन दिलं तर ते हळहळले. मंडळीतल्या दोन सभासदांचं 'ही तीच व्यक्ती' असं सहीचं पत्र पुरलं असतं म्हणे. म्हणून सांगते, नोटरीकडे जाण्याआधी पाळकसाहेबांना एक फोन करा. अर्ज त्यांनी मुदतीत घेतला होता, दाखला मागाहून जोडला तरी चाललं.

5 मार्चला उपवासकाळ सुरू झाला. आमच्या मंडळीत कपाळाला राख लावायची पद्धत नाही. संध्याकाळी पश्चात्तापाची उपासना असते, योएल संदेष्ट्याचा दुसरा अध्याय वाचतात, कपड्यांऐवजी काळीज फाडून देवाकडे या, असं सांगणारा. सकाळी मात्र आमच्या शेजारच्या काकू, त्या कॅथलिक, मला म्हणाल्या, "येतेस का माझ्याबरोबर मिस्साला?" गेले. रांगेत उभी राहिले, फादरनी अंगठ्याने कपाळावर राखेचा क्रूस काढला. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून ही राख करतात, हे काकूंनी वाटेत सांगितलं. राख कोणालाही घेता येते. प्रभुभोजनाच्या भाकरीची वेळ आली तेव्हा मी बाकावर बसले. तिथेही बसले आणि आपल्याकडेही बसते, हे त्या क्षणी फार लागलं. कारखान्यात पोचले तर कपाळ पुसायचा हात वर गेला, पण पुसलं नाही. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणाऱ्या आम्ही तिघी. त्यातल्या एकीचे रोजे 2 तारखेपासून सुरू झाले होते. शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत डबा न उघडता आम्ही दोघी खिडकीपाशी बसायचो. ती सांगायची, पहिले चार दिवस डोकं दुखतं, मग शरीर ऐकतं. तसंच झालं.

उपवासाचं थोडक्यात सांगते, कारण बरेच जण विचारतात. रविवार सोडून चाळीस दिवस: 5 मार्च ते 19 एप्रिल हे शेहेचाळीस दिवस होतात, त्यातले सहा रविवार वजा. मी शुक्रवारी एकवेळ जेवले, रात्री भाकरी, दही आणि शेंगाची चटणी. बाकी दिवस मांसाहार बंद, घरात रविवारीही मटण आणलं नाही, त्याचे पैसे मंडळीने दिलेल्या स्वार्थत्यागाच्या पाकिटात टाकले. ईस्टरला पाकीट दिलं तेव्हा दोन हजार शंभर झाले होते. सोलापूरचा मार्च-एप्रिल हा कोरड्या उपवासाचा काळ नाही. पाणी प्या, ताक प्या. आईला मधुमेह आहे, तिला पाळकसाहेबांनी उपवास करू नका असं स्वतः घरी येऊन सांगितलं, ते बरं झालं, माझं तिने ऐकलं नसतं.

वर्ग 8 मार्चपासून. साडेपाच ते सात. माझ्याबरोबर नऊ मुलं, सगळी नववी-दहावीची. पहिल्या दिवशी एकीने मला शिक्षिका समजून "सलाम मॅडम" म्हटलं आणि मी तिच्याच बाकावर बसले तेव्हा ती सरकून बसली. दुसऱ्या शनिवारपर्यंत तीच मला दहा आज्ञा म्हणून दाखवायला लावत होती. पाठांतरात मुलं पुढे होती. मी पोळ्या लाटताना, बसमध्ये, हिशेब जुळवताना म्हणत राहायचे. मोठ्या वयात पाठ करायचं असेल तर मोबाइलवर आपल्याच आवाजात रेकॉर्ड करून ऐका, मला त्याने जमलं.

दादाकडे जायला हवं हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. 17 मार्चला गेलेही. पर्समध्ये मोबाइल, मोबाइलमध्ये नोंदवहीचा फोटो. मनात वाक्य तयार होतं: मी चुकले, पण बघ, तुझंही नाव इथेच आहे. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. मी रस्त्याच्या पलीकडे पाच मिनिटं उभी राहिले आणि रिक्षा करून परत आले.

22 मार्चचा वर्ग मी विसरणार नाही. त्या दिवशी नायसीन विश्वासांगीकार होता, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारे, सगळ्यांनी मिळून म्हणायचे शब्द. पाळकसाहेबांनी फळ्यावर लिहिलं: 325. म्हणाले, यंदा बरोबर सतराशे वर्षं झाली. आज तुर्कस्तानात इझनिक म्हणून गाव आहे, तेव्हाचं निकिया, तिथे कॉन्स्टंटाइन बादशहाने सगळीकडचे बिशप जमवले. ख्रिस्त हा देवाने घडवलेला कोणी थोर, की खुद्द देवच, हा वाद होता. तिथे जे शब्द ठरले ते पुढे 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत वाढवले गेले, आणि तेच आपण म्हणतो, कॅथलिक म्हणतात, केरळातले सिरियन म्हणतात. त्या मूळ मजकुराची सुरुवात 'आम्ही विश्वास धरतो' अशी होती.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी कधीच ऐकली नव्हती. त्या परिषदेने विश्वासांगीकाराबरोबर वीस नियमही केले. छळाच्या काळात जबरदस्ती नसतानाही ज्यांनी ख्रिस्ताला नाकारलं, त्यांचं काय करायचं, यावर अकरावा नियम आहे. तीन वर्षं त्यांनी फक्त ऐकणाऱ्यांत उभं राहायचं, सात वर्षं गुडघे टेकणाऱ्यांत, आणि दोन वर्षं सगळ्यांबरोबर प्रार्थनेत, पण प्रभुभोजनाशिवाय. बारा वर्षं. "फार कडक आहे ना?" पाळकसाहेबांनी मुलांना विचारलं. मुलं हो म्हणाली. "पण बघा, त्यांची जागा कोणाला दिली नाही. बारा वर्षं राखून ठेवली." मला त्या शेवटच्या दोन वर्षांतल्या माणसांचं तोंड दिसायला लागलं. प्रार्थनेत सगळ्यांबरोबर, प्रभुभोजनाच्या मेजेपाशी नाही. तेवीस वर्षांची माझी जागा ती.

आणि पाचवा नियम. प्रांतातल्या बिशपांनी वर्षातून दोनदा जमून तंटे मिटवावेत, त्यातली एक सभा चाळीस दिवसांच्या आधी घ्यावी, म्हणजे मनातली सगळी कटुता काढून टाकून देवापुढे शुद्ध अर्पण ठेवता येईल. चाळीस दिवसांच्या जुन्यातल्या जुन्या उल्लेखांपैकी हा एक, असं ते म्हणाले. मी वहीत 'कटुता' हा शब्द लिहिला आणि पुढे काही लिहिता आलं नाही. ज्या परिषदेने विश्वासाचे शब्द ठरवले, तिने त्याच बैठकीत सांगून ठेवलं की आधी भांडण मिटवा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू तेच सांगतो, अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाकडे जा. ते तर मी लहानपणापासून ऐकते. पण सतराशे वर्षांपूर्वीच्या कोणा बिशपांनाही हेच अडलं होतं, हे कळल्यावर माझी लाज जरा एकटी राहिली नाही.

वर्ग सुटल्यावर मी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, फोटोचंही. ते दोनच गोष्टी बोलले. "माफीच्या वाक्यात 'पण' आला की माफी संपली. आणि पुरावा घेऊन माफी मागायला जाऊ नका, तो खटला होतो." त्यांनी मला विश्वासांगीकाराची झेरॉक्स दिली, ती वर्गातल्या सगळ्यांनाच दिली होती. फोटो काढून टाकायला ते म्हणाले नाहीत. मीच ठरवलं, दादाने विचारल्याशिवाय दाखवायचा नाही.

25 मार्च, मंगळवार, संध्याकाळी सात. दुकानात दादा एकटा. वार्निशचा वास, टेबलावर उघडी मोटार, आणि तो हाताने फिरवायच्या मशीनवर तांब्याची तार गुंडाळत होता. मला पाहिलं, पण हात थांबला नाही. ओठ हलत होते: "एकसष्ट, बासष्ट..." वेढे मोजत होता. मी म्हणाले, "दादा, मातीच्या दिवशी मी तुला आमच्यातला नाहीस म्हणाले. ते खोटं होतं आणि वाईट होतं. मला माफ कर." "अडुसष्ट, एकोणसत्तर..." मला वाटलं ऐकलंच नाही. मी उभीच. मधे थांबलं तर मोजणी चुकते, मग सगळी तार उलगडून पुन्हा, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्याने ते काम शिकताना कित्येक संध्याकाळी मी शेजारी बसले होते. शंभराला त्याने तार कापली, चिमट्याने टोक वळवलं आणि मगच माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. म्हणाला, "बस. चहा सांगतो."

चहा येईपर्यंत दोघेही गप्प. मग त्याला माझ्या पर्समधून डोकावणारा कागद दिसला. "कसला आहे?" मी दृढीकरणाचं सांगितलं. त्याने कागद घेतला, कानामागची पेन्सिल काढली आणि वाचायला लागला, जसा गिऱ्हाइकाचा हिशेब तपासतो तसा, ओळीओळीवर खूण करत. सर्वसमर्थ पिता, खूण. एकच प्रभू येशू ख्रिस्त, खूण. आमच्यासाठी क्रुसावर खिळला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, दोन खुणा. काळ्या बोटांचे ठसे कागदाच्या कडेला उमटत होते. 'सार्वत्रिक मंडळी'पाशी थांबला. "हे रोमन लोकांचं का?" मी म्हटलं, सार्वत्रिक म्हणजे सगळ्या काळातली, सगळ्या ठिकाणची. विचार केला आणि खूण केली. पुढची ओळ: पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा.

पेन्सिल तिथेच टेकवून तो बराच वेळ बसला. "एकच. मग माझा कुठला? आधीचा की नंतरचा?"

माझ्या मोबाइलमध्ये वडिलांची सही होती. हात पर्सकडे गेला नाही, एवढंच सांगते, आणि तो न जाण्यासाठी मला दात आवळावे लागले. मी म्हटलं, "मला नाही सांगता येत, दादा." त्याने त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुझ्या साहेबांना विचार. बाकी सगळं माझंही आहे."

पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. आपलं उत्तर भारतीय चर्च (सीएनआय) 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन झालं. त्यात बालकांना बाप्तिस्मा देणारे होते, तसे फक्त मोठ्यांना देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही होते. म्हणून आपल्याकडे दोन्ही रीती मान्य आहेत. ज्याचा एकदा झाला त्याला पुन्हा देणं मात्र मान्य नाही. दादाची सहभागिता म्हणते पहिला झालाच नव्हता. इथे आपलं आणि त्यांचं जुळत नाही. "प्रश्नचिन्ह खोडू नका," म्हणाले. "पण मधल्या सगळ्या खुणाही मोजा."

10 एप्रिलला महावीर जयंतीची सुट्टी होती, त्या दिवशी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीची भेट. प्रत्येकाला दहा मिनिटं. का घ्यायचंय, शास्त्र वाचता का, कोणाशी वैर आहे का, असे प्रश्न असतात. पाठांतर फारसं विचारत नाहीत, तेव्हा त्याची धास्ती घेऊ नका. मी मातीच्या दिवसाचं सांगितलं. एक वयस्कर पंच तेव्हा कबरेपाशीच होते. ते खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी आम्हीही गप्प बसलो, बाई. नोंद करायची तर आमची पण करा." कोणी काही लिहिलं नाही. प्रार्थना केली आणि मला जा म्हणाले.

झावळ्यांचा रविवार 13 एप्रिलला होता. मुलाने हातात घट्ट धरलेली झावळी पाहून आईने माझ्याकडे पाहिलं, आम्ही दोघीही काही बोललो नाही. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना, क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पारा चाळिशीच्या पुढे होता. वयस्कर माणसांना नेणार असाल तर दाराजवळची जागा धरा, पाण्याची बाटली न्या आणि मधे उठून बाहेर यायला संकोच करू नका.

ईस्टर 20 एप्रिल. यंदा पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा आणि आपला ईस्टर एकाच दिवशी आला, निकियाच्या सतराशेव्या वर्षी, हे पाळकसाहेबांनी आनंदाने सांगितलं होतं. पहाटे पाचला कबरस्थानात उपासना असते. आदल्या रात्री मी दादाला फोन केला. "बाबांच्या कबरेपाशी येशील?" तो म्हणाला, "आमची सभा साडेसहाला आहे. येऊन जातो."

आला. वहिनीही आली. झेंडूचे हार, मेणबत्त्या, अजून अंधार. आई खुर्चीवर. मी म्हटलं, "दादा, तू प्रार्थना कर." तो माझ्याकडे बघत राहिला. मी दोन पावलं मागे जाऊन उभी राहिले. त्याने चप्पल काढली आणि प्रार्थना केली, त्यांच्या पद्धतीने, मोठ्याने, शब्द येतील तसे. वडिलांचं नाव घेतलं, आईचं घेतलं, माझं घेतलं. शेजारच्या कबरेपाशी उभ्या असलेल्या लोकांनीही आमेन म्हटलं. मग तो घाईने स्कूटरवर बसून त्याच्या सभेला गेला आणि आम्ही आमच्या उपासनेला.

दुसऱ्या दिवशी सोमवारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. मी कामावरून आल्यावर काकूंकडे जाऊन बसले. त्यांनी पोपच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली होती. राखेच्या बुधवारी त्या मला घेऊन गेल्या होत्या. त्या दिवशी मी त्यांच्याजवळ असावं असं वाटलं.

27 एप्रिलला बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. हात जड असतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. नऊ मुलं आणि मी, एका रांगेत. सगळ्यांनी मिळून विश्वासांगीकार म्हटला आणि 'एकच बाप्तिस्मा'ला माझा आवाज बसला, मी तो शब्द पुटपुटतच म्हटला. मग मेजेपाशी गेले. माझा मुलगा बाकावरून मान उंच करून बघत होता.

प्रमाणपत्र 9 मेला मिळालं, पन्नास रुपये. नाव एकदा नीट वाचून घ्या, माझ्या प्रमाणपत्रावर शाळेतलं आणि शास्त्रातलं दोन्ही हवं होतं, ते तिथल्या तिथे करून मिळालं. सगळा खर्च एसटी-रिक्षा धरून दोन हजारांच्या आत. त्यातले आठशे वाचू शकले असते.

दादा आता गुरुवारी संध्याकाळी आईला भेटायला येतो. मे महिन्याच्या शेवटी आला तेव्हा प्रमाणपत्र टेबलावर होतं. ते उलटसुलट बघून त्याने विचारलं, "त्या गावची नोंदवही अजून आहे का गं? माझंही असेल त्यात."

मी मोबाइल काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, तारखेवरून सरकत सरकत शेवटच्या रकान्यापर्यंत गेला, आणि घसरलेल्या 'ग'वर थांबला.